स्का संगीताची भाऊबंदकी

ज्या रसिकांस विलंबित शोक हाच गांभीर्याचा एकमेव दाखला वाटतो, त्यांच्या दप्तरी जमैकाच्या स्का संगीताविरुद्ध कैक वर्षे एक फिर्याद पडून आहे. आणि तीतील मुख्य कलम असे की, हे संगीत ऐकणारा मनुष्य पूर्वसूचनेवाचून प्रसन्न होतो. आरोप खोटा नाही. पाऊल जमिनीवर टेकते तेव्हा येथील गिटार मौन पाळते आणि पाऊल उचलताच खट्कन वाजते. त्यामुळे दोन ठोक्यांमधील जी जागा सभ्य माणसे श्वासोच्छ्वासासाठी राखून ठेवतात, नेमके तिच्यावरच अतिक्रमण होते. वर ट्रम्पेट-ट्रॉम्बोनचा ताफा. वरातीतला बँड दिवाणखान्यात शिरावा तसा.

तथापि फिर्यादींपेक्षा स्काचा घात त्याच्या अभिमान्यांनीच अधिक केला, असे आमचे नम्र मत आहे. या घराण्याच्या तीन तक्षिमा असून त्यांच्यात रोटीव्यवहारही नाही. थोरल्या तक्षिमेचे वतन किंग्स्टनचे, १९६०च्या आसपासचे. मधली १९७९ साली इंग्लंडातील कॉव्हेंट्री येथे जेरी डॅमर्स यांच्या 'टू टोन' लेबलखाली नांदू लागली. धाकटीने १९९०च्या दशकात अमेरिकेत मधलीची काळीपांढरी चौकट अंगावर चढवून पंक गिटारांचा कल्लोळ मांडला. बदनामीचा बहुतेक मुद्देमाल धाकटीच्या घरी सापडतो, हे उघड आहे; परंतु जप्ती येते ती समाईक वाड्यावर, आणि थोरल्या पक्षाचे अभिमानी ओसरीवर उभे राहून "ती मंडळी आमच्यातली नव्हेतच" एवढेच पंचांस बजावीत राहतात.

थोरल्यांची ही कुलीनता तरी कुठली? किंग्स्टनमध्ये कॅथलिक जोगिणींनी चालविलेली अल्फा बॉइज स्कूल ही निराधार व वाह्यात ठरविलेल्या मुलांची शाळा. तिच्या बँडमध्ये डॉन ड्रमंड ट्रॉम्बोन शिकला, टॉमी मॅककुक सॅक्सोफोन शिकला, आणि याच शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या बळावर १९६४ साली 'स्काटलाइट्स' हे पथक उभे राहिले. नवस्वतंत्र जमैकाच्या सरकारास त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात आपले राष्ट्रीय संगीत मिरविण्याची इच्छा झाली, तेव्हा त्याने ज्यांनी हे संगीत घडविले त्यांस घरी ठेवले आणि हॉटेलांतील प्रतिष्ठितांपुढे वाजविणाऱ्या बायरन ली यांच्या पथकास वकिलात दिली. संगीत चालेल, संगीतकार नकोत, हा सरकारी न्याय इतका सनातन आहे की त्यावर टीका करणे आम्हांस अनागर वाटते.

उरले उथळपणाचे कलम. १९८१च्या जुलैत, इंग्लंडातील शहरांतून दंगली पेटल्या असताना, मधल्या तक्षिमेतील 'द स्पेशल्स' यांचे 'घोस्ट टाउन' हे गीत तेथील विक्रीच्या यादीत अग्रस्थानी होते. विषय बेकारी, बंद पडलेली नृत्यगृहे आणि ओस शहर. त्या गीतात उल्हासाचा लवलेशही न सापडल्यामुळे फिर्यादी पक्षाने ते मुळी स्काच नव्हे, असा अर्ज गुदरला आहे. आणि आजवर कोणत्याही मुद्द्यावर त्यांच्याशी एकमत न झालेल्या थोरल्या पक्षाच्या अभिमान्यांनी, चाल फारच संथ असल्याचे कारण देऊन, त्यावर तत्परतेने सह्या केल्या आहेत.