सिस्टरचा अंबाडा आणि वॉर्डातला नळ

सरकारी दवाखाना सुधारायचा ठरला की पहिला हात सिस्टरच्या केसांना लागतो. याचे कारण आर्थिक आहे. इमारतीला निधी लागतो, रिक्त पदांना वित्त विभागाची मान्यता लागते, औषधांना निविदा लागते. अंबाड्याला मात्र एक परिपत्रक पुरते. हरियाणाच्या आरोग्य खात्याने फेब्रुवारी 2023 मध्ये सरकारी रुग्णालयांसाठी अशीच वेशसंहिता आणली. जड दागिने बंद, मेकअप बंद, लांब नखे बंद, ‘फंकी’ केशरचना बंद. पुरुषांच्या केसांनाही कॉलरची हद्द आखून दिली होती, म्हणजे नियम सर्वांना होता. पण यादी वाचताना लिहिणाऱ्याची नजर कोणावर खिळलेली आहे हे लपत नाही. आपण हरियाणाला हसण्याचे कारण नाही. महाराष्ट्र शासनाने 8 डिसेंबर 2020 रोजी कर्मचाऱ्यांच्या जीन्स, टी-शर्ट आणि स्लिपरविरुद्ध परिपत्रक काढले आणि शुक्रवारी खादी घालण्याचे सुचवले. तेव्हा राज्यात कोरोनाची साथ चालू होती. एवढ्या धामधुमीत कापडाकडे लक्ष द्यायला मनाची केवढी शांतता लागते!

यादीतले सगळेच वेडगळ नाही, हे आधी मान्य करू. लांब नखे खरोखर घातक असतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 साली हातांच्या स्वच्छतेवर मार्गदर्शिका काढली. नखाचे टोक अर्ध्या सेंटिमीटरहून वाढू देऊ नये, कृत्रिम नखे नकोत, अंगठ्या शक्यतो टाळाव्यात, असे तीत सांगितले आहे. नखाखाली आणि अंगठीखाली जंतू टिकून राहतात, साबण तिथवर पोहोचत नाही. पण ही सगळी चर्चा हातांची आहे. परिपत्रक हातावरून सुरू होते आणि बघता बघता चेहऱ्यावर चढते: ओठ, पापण्या, केसांचा रंग. लिपस्टिकमुळे शेजारच्या खाटेवरची जखम चिघळल्याचे ऐकिवात नाही. फ्लोरेन्स नाइटिंगेलबाईंनी 1859 च्या आपल्या पुस्तकात परिचारिकेने दिवसातून वारंवार हात धुवावेत असे बजावले, आणि चेहराही धुतला तर उत्तमच, असे मागाहून जोडले. क्रम बघण्यासारखा आहे. रेशमी झग्यांवर त्याही चिडल्या होत्या. पण झगा शोभत नाही म्हणून नव्हे, त्याच्या सळसळीने रुग्णाला त्रास होतो म्हणून. नियमाच्या पलीकडच्या टोकाला रुग्ण उभा असेल तर तो नियम आरोग्याचा. साहेब उभे असतील तर तो शिष्टाचाराचा.

आता ही कसोटी यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णीला लावून पाहू. तालुक्याचे ग्रामीण रुग्णालय म्हणजे सरकारी मापाने 30 खाटा. अशा रुग्णालयाला 10 परिचारिका असाव्यात, असे केंद्राच्या 2012 च्या मानकांत लिहिले होते. सगळी पदे भरलेली आहेत असे धरू (उदार व्हायला पैसे पडत नाहीत). साप्ताहिक सुट्टी, रजा, प्रशिक्षण वजा करून उरलेल्यांना तीन पाळ्यांत वाटले की एका पाळीला जेमतेम दोघी येतात. त्यातली एक बाळंतिणीपाशी अडकली की वॉर्ड, अपघात विभाग, इंजेक्शन आणि रजिस्टर दुसरीकडे. तिच्याकडे 15 रुग्ण धरा आणि आठ तासांत प्रत्येकाला चारदा हात लावावा लागला असे समजा, म्हणजे झाले 60 वेळा. साबणाने हात धुवायला 40 ते 60 सेकंद द्यावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेची तीच मार्गदर्शिका सांगते. म्हणजे पाळीतला तासभरापर्यंतचा वेळ तिने नुसते बेसिनपाशी उभे राहायचे. तेही वॉर्डात बेसिन असेल, नळाला पाणी असेल आणि साबणाची वडी गेल्या महिन्यात संपलेली नसेल तर. मे महिन्यातल्या विदर्भात यातली पाण्याची अट सर्वांत अवघड. त्या तासाची तरतूद कुठल्या परिपत्रकात आहे? अंबाड्याची आहे.

2017 चा फवारणीचा हंगाम यवतमाळ जिल्हा विसरलेला नाही. कपाशीवर कीटकनाशक मारताना विषबाधा होऊन जिल्ह्यात 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जण दवाखान्यांत भरती झाले. अशा रुग्णाच्या बाबतीत पहिल्या कामांपैकी एक म्हणजे विषाने भिजलेले कपडे उतरवून त्याचे अंग साबणपाण्याने धुणे. कातडीतून विष आत जाणे त्याशिवाय थांबत नाही. हे काम उघड्या हातांनी केले तर करणारीच्याही कातडीला विष लागते. तिथे हातमोजे हवेत, ॲप्रन हवा, भरपूर पाणी हवे. विषबाधेच्या वॉर्डात परिचारिकेचे ‘नीटनेटके दिसणे’ म्हणजे एवढेच, आणि ते तिला आरशासमोर उभे राहून मिळत नाही, भांडारातून मिळते.

यावर ठरलेला आक्षेप असा की, नीटनेटक्या गणवेशाने रुग्णाला विश्वास वाटतो. खरे आहे. आर्णीच्या बाजारातून आलेल्या म्हाताऱ्या आजीला गर्दीत सिस्टर कोण ते कळलेच पाहिजे, म्हणून गणवेश हवा आणि ठळक मराठीत नावाचा बिल्लाही हवा. पण विश्वास केशरचनेवर बसतो हे कोरोनाने साफ खोटे ठरवले. पीपीई किटमध्ये डोळ्यांपलीकडे काही दिसत नव्हते, नावे मार्करने पाठीवर लिहावी लागत होती, तरी रुग्णांनी सिस्टरलाच हाका मारल्या. दुसरा आक्षेप शिस्तीचा. शिस्त हवीच, फक्त ती गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेल्यांपाशी येऊन संपू नये. 1847 साली व्हिएन्नात सेमेलवाइसने पाहिले की सुईणींच्या प्रसूतिकक्षापेक्षा डॉक्टर आणि विद्यार्थ्यांच्या कक्षात बाळंतिणी कितीतरी जास्त मरतात, कारण डॉक्टर शवविच्छेदन करून थेट तिकडे येत. इतिहासाने हात तपासले तेव्हा मळके निघाले ते साहेबांचे. ब्रिटनने 2007 मध्ये कोपराखाली हात उघडा ठेवण्याचा नियम केला, तेव्हा घड्याळ आणि लांब बाही डॉक्टरांनाही उतरवावी लागली. आपल्याकडे घड्याळ ही प्रतिष्ठा आणि बांगडी हा जंतुसंसर्ग. बांगडीचे तर दुहेरी दुखणे आहे: वॉर्डात घातली तर मेट्रन रागावणार, घरी काढली तर सासू. या दोघींची संयुक्त बैठक घेऊन निर्णय कळवण्याचे धाडस अजून एकाही खात्याने केलेले नाही.

आणि भेटीला येणाऱ्या पाहुण्यांचे काय? चार बोटांत चार ग्रहांचे खडे, मनगटावर गंडा, गळ्यात अजून ताजा हार, मागे बूट न काढलेले बारा कार्यकर्ते, अशा थाटात माननीय बाळंतिणीच्या खोलीत शिरतात आणि फोटोसाठी कालच जन्मलेल्या बाळाचा गाल कुरवाळतात. त्या क्षणी खोलीत नियमानुसार नटलेली एकच व्यक्ती असते, आणि तिला बाजूला सरकायला सांगितलेले असते, कारण ती फ्रेममध्ये येते.

तेव्हा वेशसंहिता जरूर काढा. फक्त तपासणीला येणाऱ्या समितीने गाडीतून उतरल्यावर आधी अंगठ्या काढाव्यात, वॉर्डातल्या बेसिनवर जाऊन घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट साबणाने हात धुवावेत, आणि हात पुसायला स्वच्छ कापड मिळाले तर मग सिस्टरची नखे पाहायला मागावीत. नळाला पाणी आले नाही, तर आपण काय तपासायला आलो होतो ते समितीने शेरेबुकात स्वतःच्या अक्षरात लिहून सही करावी.