एक लाख डावांनंतरचा राजीनामा

प्रति,
स्थिर नोकरीचा राजीनामा लिहावयास बसलेले भावी व्यावसायिक पोकरपटू,
हिंजवडी, पुणे.

विषय : पगार सोडून पत्त्यांवर चरितार्थ चालविण्याच्या संकल्पाचे अभिनंदन करण्याबाबत.

महोदय,

हे पत्र ज्यांना उद्देशून आहे ते गृहस्थ आठवड्यातील पाच दिवस नोकरदार आणि उरलेल्या दोन दिवसांत खेळाडू असल्याने, आणि राजीनाम्यावर या दोघांपैकी कोण सही करणार हे अद्याप ठरलेले नसल्याने, त्यांचा उल्लेख येथे ‘राजीनामोत्सुक’ असा तृतीयपुरुषी करणे सोयीचे ठरेल. त्यांच्या संकल्पामागील तर्क निर्दोष आहे, हे आरंभीच मान्य केले पाहिजे. महिनाअखेरीस ठरलेली रक्कम न चुकता जमा होते, हा नोकरीचा मोठाच दोष होय. भविष्य निर्वाह निधीमुळे तो दोष म्हातारपणापर्यंत लांबतो, आणि पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर पदरात पडणारी ग्रॅच्युइटी तर माणसाच्या साहसवृत्तीवर उघड अविश्वास दाखविते.

पोकर हा केवळ नशिबाचा खेळ नव्हे, हा राजीनामोत्सुकांचा दावाही खरा आहे. या खेळाच्या टेक्सास होल्डम या प्रचलित प्रकारात प्रत्येकास दोन झाकलेली पाने मिळतात, पाच पाने सर्वांसाठी उघडी मांडली जातात, आणि हातात काय आहे यापेक्षा समोरच्याच्या हातात काय असावे याचा अंदाज बांधून पैज लावण्यात खरे कौशल्य असते. दोन एक्के सरासरी 221 डावांतून एकदा हाती येतात, आणि दोन राजांशी गाठ पडली असता ते शंभरात सुमारे 82 वेळा जिंकतात. उरलेल्या अठरा वेळांना खेळाडू ‘बॅड बीट’ म्हणजे नशिबाचा अन्याय असे नाव देतात. गणितात त्यांना फक्त ‘अठरा’ म्हणतात.

राजीनामोत्सुकांच्या हाती असलेला मुख्य पुरावा म्हणजे गेल्या काही महिन्यांतील नफा. या पुराव्याचे वजन मोजण्यासाठी दोन संज्ञा समजून घ्याव्या लागतात. डाव सुरू होण्यापूर्वी सक्तीने लावाव्या लागणाऱ्या मोठ्या रकमेस ‘बिग ब्लाइंड’ म्हणतात आणि कमाई त्याच मापाने मोजतात. तर सरासरीभोवती निकाल किती वरखाली होतात, त्या चढउतारास खेळाडू ‘व्हेरिअन्स’ म्हणतात. कुशल खेळाडूची कमाई शंभर डावांमागे पाच बिग ब्लाइंड आणि तेवढ्याच डावांतील चढउताराचे माप, म्हणजे प्रमाण विचलन, नव्वद धरले, तर दहा हजार डावांनंतर अपेक्षित नफा 500 येतो, विचलन मात्र 900 येते. म्हणजे खरोखर कुशल असलेला खेळाडूही एवढा खेळ झाल्यावर दहांपैकी सुमारे तीन वेळा तोट्यातच असतो. याची दुसरी बाजू अधिक मनोरंजक आहे, कारण त्याच दराने हरणारा कच्चा खेळाडूही दहांपैकी सुमारे तीन वेळा नफ्यात असतो आणि स्वतःस कुशल समजत असतो. प्रत्यक्ष टेबलावर प्रतिस्पर्धी कच्चे भेटतात म्हणून कमाईचा दर दुप्पट धरला, तरी तोट्याची शक्यता शंभरात तेरा उरतेच. मूळ दराने ही शक्यता शंभरात चारवर आणावयाची, तर एक लाख डाव खेळावे लागतात.

प्रत्यक्ष टेबलावर तासाला सुमारे तीस डाव होतात. महिन्यातून एकदा गोव्यास जाऊन शनिवार-रविवारी मिळून सोळा तास बसणाऱ्या खेळाडूचे वर्षाला 5,760 डाव भरतात, आणि या गतीने एक लाखावा डाव सतरा वर्षांनी येतो.

संगणकावर एका वेळी अनेक टेबले उघडून हा काळ आटोपता घेता आला असता. परंतु पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणाऱ्या कायद्यास 22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि तो मार्ग खुंटला. रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये म्हटले होते, पोकर हा जुगारच असल्याचे गुजरात उच्च न्यायालयाने 2017 मध्ये म्हटले. नव्या कायद्याने मात्र कौशल्य की नशीब हा भेदच अप्रस्तुत ठरविला. उरतात ती गोव्यात मांडवी नदीत नांगरलेली कॅसिनोंची जहाजे. महाराष्ट्रानेही 1976 मध्ये कॅसिनोंसाठी कायदा केला होता, तो कधीच अमलात आणला नाही आणि 2023 मध्ये रद्द केला. ज्या प्रश्नावर राज्याने 47 वर्षे घालविली, तो राजीनामोत्सुकांनी एका रविवारी रात्री परतीच्या बसमध्ये सोडविला, ही बाब खचितच कौतुकास्पद आहे.

उत्पन्नाचा हिशेबही असाच उत्साहवर्धक आहे. शंभर डावांमागे दहा बिग ब्लाइंड हा दुप्पट दर आणि बिग ब्लाइंड 100 रुपयांचा धरल्यास तासाला 300 रुपये, म्हणजे महिन्यात दोनशे तास खेळून 60,000 रुपये मिळतात. यातून प्रवास, निवास आणि जेवण भागवावयाचे असते. शिवाय पत्त्यांच्या खेळात जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के आयकर आणि वर उपकर लागतो, त्यातून खर्चाची वजावट मिळत नाही. या नियमाचा काटेकोर अर्थ घेतला, तर वर्षभरात दहा लाख जिंकून नऊ लाख हरणाऱ्याने एक लाखाच्या नफ्यावर तीन लाखांचा कर भरावयाचा असतो. तूट कोठून भरावी, याचे उत्तर पूर्वी ‘पगारातून’ असे देता येत होते.

अमेरिकेतील एका हिशेबनिसाने 2003 मध्ये लास व्हेगास येथील जागतिक स्पर्धेत 839 खेळाडूंतून पहिला येऊन 25 लाख डॉलर जिंकले, हे उदाहरण राजीनामोत्सुक वारंवार देतात. त्या विजेत्याचे आडनाव खरोखरच मनीमेकर होते. राजीनामोत्सुकांचे तसे नाही, एवढा फरक लक्षात ठेवावा.

खेळासाठी वेगळ्या काढलेल्या भांडवलास ‘बँकरोल’ म्हणतात, आणि ते घरखर्चात संपू लागले की चांगला खेळाडूही भीतीपोटी वाईट खेळतो. नोकरी नेमके हेच भांडवल वाचविते. पगार चालू असेपर्यंत हरलेला डाव हा फक्त हरलेला डाव असतो, पगार थांबला की त्याच डावात घराचा हप्ता आणि मुलांची फी मिसळते. म्हणून सुचविण्यात येते की, राजीनाम्याचा मसुदा फाडू नये, त्यावरील तारखेची जागा तेवढी कोरी ठेवावी. खेळलेला प्रत्येक तास आणि प्रत्येक निकाल, विशेषतः सांगावयास लाज वाटणारा, वहीत नोंदवावा. आणि एक लाखाव्या डावानंतरही बेरीज नफ्याची आली, तर तारीख घालून मसुदा सादर करावा. तोवर राजीनामोत्सुकांनी सोमवारी सकाळी वेळेवर कामावर हजर व्हावे.

कळावे.

सोबत : दोनशे पानी कोरी वही, एक.