पाहुणा म्हणजे पाहणारा

१ जुलै ही महाराष्ट्रातली फार गर्दीची तारीख आहे. वसंतराव नाईकांची जयंती म्हणून त्या दिवशी कृषी दिन असतो, बिधनचंद्र रॉय यांच्यामुळे डॉक्टर दिन असतो, कन्हैयालाल मुन्शींनी १९५० साली सुरू केलेल्या वनमहोत्सवाचा आठवडा तिथूनच लागतो आणि रोटरीसारख्या सेवा क्लबांचे नवे वर्षही त्याच दिवशी उजाडते. नव्या वर्षाबरोबर नवा अध्यक्ष येतो. नव्या अध्यक्षाला काहीतरी करून दाखवायचे असते, आणि भर पावसात करून दाखवण्यासारखे काम एकच : झाड लावणे. त्यामुळे जुलैतल्या रविवारी मागच्या सीटवर फ्लेक्सची गुंडाळी आणि डिकीत रोपे घेतलेल्या गाड्या भोरच्या दिशेने वळतात. नेमक्या त्याच दिवसांत तिथल्या आंबवडे गावाच्या परिसरात भाताची लावणी चाललेली असते. खाचरात गुडघाभर चिखल, डोक्यावर खताच्या पिशवीची खोळ, आणि कंबरेत वाकून मुठीतल्या जुडीतल्या चार-चार काड्या चिखलात रोवत मागे सरकणारी माणसे. वर रस्त्याच्या कडेला तीस माणसे मिळून एक रोप लावतात. खाली पाच माणसे दिवसभरात जी रोपे लावतात, ती मोजायलाच तीस माणसे लागतील. तरीही ‘रोप कसे लावावे’ हे भाषण वरून खाली होते, खालून वर कधी होत नाही.

या सोहळ्यातला सर्वांच्या चेष्टेचा विषय म्हणजे प्रमुख पाहुणे. त्यांच्यासाठी खड्डा आदल्या दिवशी खणलेला असतो, रोपाची काळी पिशवी ब्लेडने चिरून ठेवलेली असते, मातीचे घमेले हाताशी असते. पाहुण्यांनी रोपाला हात लावायचा, कॅमेऱ्याकडे पाहायचे, झारी तिरकी करायची आणि मग हात धुवायचे. रोपाला मिळते त्याहून जास्त पाणी पाहुण्यांच्या हातांना लागते. मग आडोसा गाठून भाषण. आंबवड्यात वक्त्याला विषय शोधावा लागत नाही. नागेश्वराचे देऊळ आहे, संस्थानी काळातला झुलता पूल आहे, पंतसचिव घराण्याचे मूळ पुरुष शंकराजी नारायण यांची समाधी आहे, कान्होजी जेधे आणि जिवा महाला यांच्या समाध्या आहेत, शिवाय रायरेश्वराचा डोंगर काही लांब नाही. त्यामुळे वृक्षारोपणाला आलेला वक्ता दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’वर येतोच. ज्यांना तो हे ऐकवतो त्यांनी ते पाळण्यात ऐकलेले असते. तरी टाळ्या पडतात, आणि त्यात ढोंग नसते. आपल्या पोराचे नाव परक्याने बरोबर उच्चारले की कोणालाही बरे वाटते.

हे सगळे पाहून शहाणी माणसे म्हणतात, पाहुणे बंद करा, भाषणे बंद करा, नुसते काम करा. माझे म्हणणे बरोबर उलट आहे. सेवा क्लबाच्या कामात प्रमुख पाहुण्याइतका उपयोगी माणूस दुसरा नाही. फक्त त्याचा उपयोग तोंडात नसून डोळ्यांत असतो, आणि आपण त्याला तोंडासाठी बोलावतो. भाषाशास्त्रज्ञ ‘पाहुणा’ हा शब्द संस्कृतातल्या ‘प्राघुण’पर्यंत नेतात, आणि त्यांचे बरोबरच असणार. पण मराठी घर व्युत्पत्तिकोश उघडून चालत नाही. घराच्या लेखी पाहुणा म्हणजे पाहणारा. पाहुणे येणार एवढे कळले, की सोफ्यावरचे कपडे कपाटात कोंबले जातात, वर्षभर टिपटिपणारा नळ एका दुपारीत दुरुस्त होतो, कान तुटलेले कप मागच्या रांगेत जातात आणि दिवाणखान्यातल्या घड्याळात नवा सेल पडतो. हे सगळे पाहुणे यायच्या आधी होते. प्रत्यक्ष येऊन पाहुणे काय करतात, तर पोहे खातात. घराला त्यांच्यापासून जो लाभ व्हायचा तो त्यांनी बेल वाजवण्यापूर्वीच झालेला असतो. क्लबाचेही तेच. ‘एखाद्या रविवारी जाऊ या’ या वाक्याने आजवर एकही झाड लागलेले नाही. ‘दहा तारखेला साहेब येताहेत’ या वाक्याने मात्र खड्डे खणले गेले आहेत, रोपे आली आहेत आणि बंद पडलेला माइकसुद्धा बोलू लागला आहे.

हा केवळ घरगुती अनुभवाचा मुद्दा नाही. राज्य सरकारने २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. स्वच्छतेचे महत्त्व त्याआधी कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. शाळेच्या भिंतीवर ते ठळक अक्षरांत लिहिलेले होते, आणि त्याच भिंतीच्या मागे उकिरडा होता. अभियानाने नवे काय आणले, तर तपासणी समिती. म्हणजे असा पाहुणा, की जो बोलायला येत नाही, गटारात डोकवायला येतो. समिती अमुक दिवशी येणार म्हटल्यावर गावे रस्त्यावर उतरली. पाण्याचेही तसेच. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा महाराष्ट्राने इतकी वर्षे ऐकली होती, की तीच जिरून भूजलाची पातळी वाढायला हवी होती. २०१६ साली पानी फाउंडेशनने वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत वॉटर कप स्पर्धा घेतली, तीत ११६ गावे उतरली. प्रशिक्षण होते, बक्षीस होते, पण त्याशिवाय दोन गोष्टी होत्या : ४५ दिवसांची मुदत, आणि त्यानंतर टेप घेऊन चर मोजायला येणारी माणसे. टेपवाल्या पाहुण्यासमोर ‘आम्ही लवकरच हाती घेणार आहोत’ हे वाक्य चालत नाही. त्याला चर किती मीटर, ते सांगावे लागते.

यावर कोणी म्हणेल, आमच्या खेड्यांत सावड होती, इर्जिक होती, तिथे कोण प्रमुख पाहुणे बोलावत होते? आज तुझ्या खाचरात, उद्या माझ्या खाचरात. ज्याचे काम त्याने जेवण घालायचे, की झाले. आक्षेप वजनदार आहे, पण तो माझ्याच पारड्यात पडतो. सावडीत पाहणारा बाहेरून आणावा लागत नाही, कारण तिथे प्रत्येक जण प्रत्येकाला पाहत असतो. कोण उजाडता आला, कोण उन्हे चढल्यावर आला, कोणाच्या घरून दोन माणसे यायची ती एकच आली, याचा हिशेब कुठल्याही वहीत नसतो आणि तरी वीस वर्षे चुकत नाही. क्लबाची सेवा या हिशेबात बसत नाही. कोथरूडची माणसे आंबवड्यात येऊन श्रमदान करून गेली, तर त्यांची सावड फेडायला आंबवड्याच्या माणसाने कोथरूडला जाऊन काय करायचे? पार्किंग शोधून द्यायचे? जिथे परतफेड शक्य नाही तिथे पाहणारा मुद्दाम नेमावा लागतो. प्रमुख पाहुणा हा सावडीतल्या शेजाऱ्याचा पगारी नसलेला बदली कामगार आहे.

दुसरा आक्षेप व्याख्यानप्रेमींचा. भाषणाला इतके स्वस्त करू नका, न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती काय पोहे खाण्यासाठी? नाही. पण तिथे माणसे ऐकायलाच येतात, हातात कुदळ घेऊन येत नाहीत. भाषणाशी माझे भांडण नाही, त्याच्या क्रमाशी आहे. शिकागोमध्ये २३ फेब्रुवारी १९०५ रोजी पॉल हॅरिस या वकिलाने तीन मित्रांना घेऊन पहिली बैठक केली. बैठका आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरायच्या, म्हणून नाव पडले रोटरी. या मंडळींनी पहिले सार्वजनिक काम हाती घेतले ते १९०७ साली, आणि ते होते सार्वजनिक स्वच्छतागृहाचे. या कामाचा मोठा गुण असा, की भाषण कितीही रंगले तरी काम झाले की नाही हे श्रोत्याला लगेच कळते आणि निकडीच्या वेळी कळते. आता योगायोग पाहा. २३ फेब्रुवारी ही गाडगेबाबांची जन्मतारीख, साल १८७६. आणि ते घरदार सोडून बाहेर पडले तेही १९०५ च्या फेब्रुवारीतच. महाराष्ट्राने पाहिलेला हा सर्वांत मोठा पाहुणा-वक्ता. पण त्याचा क्रम ठरलेला होता : गावात शिरल्यावर आधी खराटा, रात्री कीर्तन. कीर्तनाला बसलेल्यांच्या बुडाखालची जागा वक्त्याने स्वतः झाडलेली असे, त्यामुळे ‘महाराज, आधी स्वतः करून दाखवा’ असे म्हणायची सोय कोणाला राहत नसे.

हाच क्रम राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांनी उचललेला दिसतो. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांतले ४० हजार विद्यार्थी घेऊन ही योजना निघाली. सात दिवस खेड्यात मुक्काम, सकाळी श्रमदान, जेवणे झाली की बौद्धिक. या बौद्धिकात मुले डुलक्या काढतात अशी पाहुण्या वक्त्यांची जुनी तक्रार आहे. मला ती तक्रार न वाटता प्रशस्तिपत्र वाटते. सकाळी चार तास कुदळ चालवून, वर पिठले-भात खाऊन, सतरंजीवर बसलेले पोर ‘युवकांपुढील आव्हाने’ ऐकताना पेंगणारच. त्याने त्यातले एक आव्हान सकाळीच उरकलेले असते. ज्या शिबिरात बौद्धिकाला झाडून सगळे टक्क जागे असतील, तिथे सकाळच्या कामाची चौकशी करावी.

आता माझ्याच मुद्द्यातली अडचण. पाहुण्याचा धाक एका दिवसाचा असतो. पाहुणे गेले की कान तुटलेले कप पुन्हा पुढच्या रांगेत येतात आणि सोफ्यावर कपडे. झाडाला हे परवडत नाही. १ जुलै २०१६ रोजी राज्याने एका दिवसात २ कोटी रोपे लावायचे ठरवले, २०१९ पर्यंत हे उद्दिष्ट ३३ कोटींवर गेले. हा आकडा आपल्याकडे पूर्वी देवांसाठी राखीव होता. देव मोजायचे नसतात, रोपे मोजायची असतात, एवढाच फरक. भोरच्या पावसात जुलैमध्ये काठी रोवली तरी हिरवी दिसते. रोपाची परीक्षा पुढे असते : दिवाळीनंतर शेळ्या, शिमग्यानंतर वणवा, आणि वैशाखात नुसते ऊन. पण वैशाखात प्रमुख पाहुणे बोलावण्याची चाल नाही. सेवा क्लबांनी जगात केलेले सर्वांत मोठे काम पाहिले, तर ते उद्घाटनाचे नसून फेऱ्यांचे आहे. रोटरीने १९८५ साली पोलिओविरुद्ध मोहीम घेतली. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह आग्नेय आशिया विभागाला पोलिओमुक्तीचा दाखला मिळाला. त्यात सरकार होते, आरोग्यसेविका होत्या, स्वयंसेवक होते, आणि होता एक खडू. घरातली सगळी पोरे थेंब घेऊन झाली की दारावर ‘पी’, एखादे राहिले की ‘एक्स’. ‘एक्स’ दिसला की पुन्हा त्याच दारात. पोराच्या करंगळीवर शाई, दारावर खडू. भाषण विसरते, खडू विसरत नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. पाहुणा तोच, खड्डा तोच, तारखा दोन. जुलैत पाहुण्याने यावे, रोप लावावे, लावलेल्या रोपांचा आकडा सर्वांदेखत शाळेच्या फळ्यावर लिहावा आणि एक शब्द न बोलता चहा पिऊन परत जावे. भाषण मे महिन्यात. तेव्हा त्याने आधी उन्हातून फिरून जगलेली रोपे मोजावीत आणि मग माइक हातात घ्यावा. तोवर अध्यक्ष बदललेला असेल, ही सबब चालायची नाही; क्लबाचे वर्ष ३० जूनला संपते, मे महिना त्याच अध्यक्षाच्या पदरात पडतो. अशा उन्हात पाहुणे मिळणार नाहीत, असे कोणी म्हणेल. मग पाहुण्यांची निवड आपोआपच होईल. रोपे मेलेली निघाली तर पाहुण्यांसमोर शोभा होईल, हा आक्षेप तर मला फारच आवडतो. ती शोभा टाळण्यासाठीच पुढच्या जुलैत क्लब पाचशेऐवजी पन्नास रोपे आणील, कुंपणाची तार बरोबर आणील, आणि फेब्रुवारीतच कोणाला तरी फोन करून विचारील की पाण्याचे काय.

आणखी एक फायदा आहे. मे महिन्यात लावणी नसते. जुलैत जो माणूस खाली खाचरात वाकलेला होता, तो या वेळी वर आलेला असेल आणि पाहुण्यांच्या मागे मागे रोपे पाहत चाललेला असेल. रोपे जगलेली असतील तर पाहुण्यांनी खुशाल दोन शब्द बोलावेत, हवे तर ते जिवा महालापासून सुरू करावेत. नसतील, तर शाल-श्रीफळ मुकाट्याने घेऊन माइक त्या माणसाकडे द्यावा. विषय ठरलेलाच आहे : रोप कसे लावावे.