पार्सल, घरच्या घरी

मुंबईच्या माणसाला रात्री आठ वाजता भूक लागली की तो मोबाइल काढतो. आम्हा कर्जत तालुक्यातल्या कशेळ्याच्या लोकांना लागली तरी आम्हीही मोबाइलच काढतो. मग तो मोबाइल नकाशावर आमचं गाव शोधत बसतो, स्वतःभोवती गोल गोल फिरतो आणि 'आपल्या भागात सध्या आमची सेवा उपलब्ध नाही' असं अदबीनं कळवतो. आत वरणभाताचा कुकर तोवर झालेला असतो. त्याची सेवा आमच्या भागात बारा महिने उपलब्ध असते, म्हणून तर त्याला कुणी विचारत नाही.

माझी नणंद डोंबिवलीला असते. तिच्या दारात डोसा येतो, बिर्याणी येते, रात्री अकराला आइस्क्रीमसुद्धा येतं. तिला आमची फार कीव येते. त्या किवेपोटीच मे महिन्यात येताना ती हॉटेलच्या पदार्थांचं एक जाडजूड पुस्तक घेऊन आली. "वहिनी, आता तुम्हाला बाहेरचं मागवायची गरजच नाही. सगळं घरच्या घरी!" नणंदेच्या भेटीत आपल्यासाठी कामाची यादी असतेच. ही यादी बांधीव होती आणि रंगीत छायाचित्रांसह होती.

आमच्या घरी तोवर पाकशास्त्राचं एकच पुस्तक नांदत होतं, कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा'. ते 1970 साली पहिल्यांदा निघालं. आमची प्रत पुढच्या कुठल्यातरी आवृत्तीतली, हळदीनं पिवळी झालेली. 'रुचिरा'त मापं वाटीची आणि चमच्याची. आपल्याच फळीवरची वाटी घ्यावी आणि कामाला लागावं. नव्या पुस्तकाला वाटी चालत नाही. त्याला ग्रॅम लागतात, मिलिलिटर लागतात, आणि 'सेलरी' नावाची एक पालेभाजी लागते. कशेळ्याच्या बाजारात टाकळा मिळतो, शेवळं मिळतात, पावसाच्या तोंडावर रानातून काय काय येतं. सेलरी मात्र ठाकरवाडीतल्या बायांनीही कधी पाहिलेली नाही. मी विचारल्यावर त्यांनी मला शेवग्याचा पाला दिला आणि बरी होशील म्हणून धीरही दिला.

सुरुवात पनीर बटर मसाल्यापासून केली. पानावर ठळक लिहिलं होतं, वेळ 15 मिनिटे. खाली साहित्यात पहिलीच ओळ, 'रेड ग्रेव्ही 2 कप, पान 12 पाहा.' पान 12 वर गेले. तिथे 'काजू-मगज पेस्ट 1 कप, पान 9 पाहा.' पान 9 वर लिहिलं होतं, 'काजू व मगज आदल्या रात्री भिजत घालावे.' म्हणजे पंधरा मिनिटांचा हा पदार्थ कालच सुरू व्हायला हवा होता.

यात पुस्तकाची लबाडी नाही. हॉटेलात खरोखर असंच चालतं. लाल, पिवळी, पांढरी, हिरवी अशा ग्रेव्ह्या सकाळीच पातेली भरभरून करून ठेवतात. मग दिवसभर आचारी या पातेल्यातलं पळीभर, त्या पातेल्यातलं पळीभर घेतो, वर लोणी नाहीतर क्रीम सोडतो, कसुरी मेथी चुरडतो आणि दहा मिनिटांत टेबलावर पाठवतो. चार पातेल्यांतून शंभर नावं निघतात. व्हेज कोल्हापुरी, व्हेज मराठा, व्हेज हैदराबादी ही सगळी एकाच ओट्यावरची भावंडं. घरी मात्र एका पदार्थासाठी एक पातेलं ग्रेव्ही होते. उरलेली संपवायची म्हणून आठवडाभर आमच्याकडे दुधी कोल्हापुरी, पडवळ मराठा आणि शेवटी अंडं हैदराबादी झालं.

सासूबाईंनी पनीर चिमटीत धरून पाहिलं. "हे नासलेलं दूध ना गं? आमच्या वेळी दूध नासलं तर घरात बोलणी खावी लागायची. आता पैसे देऊन आणता होय!"

चिरंजीव कर्जतला कॉलेजात जातात, त्यामुळे त्यांचं मत जागतिक असतं. ते म्हणाले, "आई, पंजाबी जाऊ दे. चायनीज कर. नाक्यावरच्या गाडीसारखं."

चायनीज म्हटलं की आपण उगाच चीनला दोष देतो. मंचुरियनचा जन्म चर्चगेटचा. 1975 साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वाँग या कोलकात्याहून आलेल्या चिनी वंशाच्या आचाऱ्यानं आलं, लसूण, हिरवी मिरची हे आपलं नेहमीचं त्रिकूट घेतलं, गरम मसाल्याला रजा दिली, सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर घातलं आणि मंचुरियन झालं, असं सांगतात. म्हणजे पदार्थ घरचाच म्हणायचा. तरी घरी तो जमत नाही, त्याचं कारण जाळ. गाडीवरच्या भट्टीला 19 किलोची व्यापारी टाकी आणि जोरदार दाबाचा रेग्युलेटर असतो. जाळ कढईच्या वर येतो आणि भाताला धुराचा वास लागतो. आमच्या 14.2 किलोच्या घरगुती टाकीवरचा रेग्युलेटर संसारी माणूस आहे. तो कुणावर भडकत नाही. त्याच्या त्या समजूतदार ज्योतीवर कोबी परतला की कोबी पाणी सोडतो, आणि फ्राइड राइस म्हणून चढवलेला भात खिचडीच्या मार्गाला लागतो.

भाताचा प्रश्न आणखी वेगळा. आमच्या तालुक्यात भाताचं संशोधन केंद्र आहे, तिथून 'कर्जत' नावाचे वाण महाराष्ट्रभर गेले. आमच्या कणगीत त्यांतला कर्जत-3, आखूड, जाड दाण्याचा. पेजेला उत्तम, भाकरीला उत्तम. पुस्तकाला मात्र लांब, सुटासुटा दाणा हवा, आणि तोही रात्री शिजवून थंड केलेला, म्हणजे तो कडक होतो आणि परतताना मोडत नाही. हे मी मोठ्यानं वाचलं आणि सासूबाईंनी पोथी ऐकताना जोडतात तसे हात जोडले. "शिळा भात म्हण की सरळ. चाळीस वर्षं मी याच घरात परतत्येय. पाहुणा आला की लपवायचे!"

सॉसांच्या ओळीत शेवटी अजिनोमोटो होता. 1908 साली टोकियोत किकुनाए इकेडा या प्राध्यापकांनी समुद्री शेवाळाच्या सारातून ही चव वेगळी काढली. आमच्या घरात ती कायमची डब्यात असते, फक्त डब्यावर 'सुकट' असं लिहिलेलं असतं. सुकलेल्या कोलंबीतही तीच चव भरलेली असते. सासूबाईंनी न विचारता मूठभर सुकट भाजून भातात टाकली. तेवढाच भात संपला.

मग यजमानांची फर्माईश आली. त्यांना कर्जत स्टेशनवरच्यासारखा बटाटावडा हवा होता. पुस्तकात 'स्टेशन स्टाइल वडा' होताच. पण त्या वड्याच्या साहित्यात जे खरं मुख्य, ते पुस्तकानं गाळलंय. 1863 साली बोरघाटातून गाडी सुरू झाली. चढ असा, की 37 फुटांमागे 1 फूट वर जायचं. एकट्या इंजिनाला ते झेपत नाही, म्हणून घाट चढणाऱ्या गाड्या कर्जतला थांबवून मागून ढकलायला जादा इंजिनं लावायची पद्धत पडली. ती लागेपर्यंत अख्खी गाडी रिकामी बसलेली. त्या रिकामपणात स्टेशनवरच्या दिवाडकरांचा वडा मोठा झाला. खिडकीतून हात बाहेर, मोड परत यायची आहे, वडा चटका देतोय, आणि तेवढ्यात मागून धक्का बसतो! गाडी सुटेल या धास्तीची चव आमच्या स्वयंपाकघरात कुठून आणणार? शिवाय तिथली कढई केवढी! दहा वडे पडले तरी तेलाचा ताव उतरत नाही. माझ्या कढईत चार पडले की तेल गार होतं, आणि गार तेल वड्यात मुक्कामाला जातं. यजमान वडा खात म्हणाले, "छान झालाय." नवऱ्यानं एवढंच म्हटलं की समजावं, मागून इंजिन लागलेलं नाही.

खरी गंमत आमच्या दाराबाहेरच्या रस्त्यावर चालते. शनिवार-रविवार मुंबईच्या गाड्या येतात. कुणी कोथळीगडाला, कुणी खांडसवरून भीमाशंकर चढायला, कुणी फार्महाउसवर नुसतं झोपायला. त्यांच्यासाठी वाटेवर पाट्या लागल्यात, 'घरगुती जेवण', 'चुलीवरची तांदळाची भाकरी', 'गावठी पद्धत'. हॉटेलवाले चूल मांडून, शेणानं सारवून घरासारखं करायला धडपडतात, आणि मी घरात बसून हॉटेलसारखं करायला. सासूबाईंना पिठलं-भाकरीचा दर कळला त्या दिवशी त्यांनी मनातल्या मनात आयुष्यभराचं बिल मांडलं. रक्कम बोलल्या नाहीत, पण दोन दिवस माझ्या सासऱ्यांच्या फोटोकडे जरा वेगळ्या नजरेनं बघत होत्या.

शेवटी नूडल्सच्या दिवशी चिरंजिवांनी निदान केलं. "चव आलीय गं. पण पार्सलची नाही आली."

मी विचार केला आणि मला ते पटलं. पार्सलचा पदार्थ कढईतून ताटात येतच नाही. तो गरम गरम प्लास्टिकच्या डब्यात कोंबला जातो, झाकण लागतं, वाफ आत कोंडते, नूडल्स एकमेकींना चिकटतात, कोबी मऊ पडतो, तेल खाली उतरतं. पिशवीला अशी गाठ मारतात की ती सुटत नाही, दातांनी तोडावी लागते. मग तो डबा मोटारसायकलच्या हँडलला लटकून खड्ड्यांतून येतो. पुस्तकातल्या कृतीत हे काहीच नव्हतं. कृती 'गरमागरम वाढा' इथेच संपत होती.

मी नूडल्स डब्यात भरल्या, गाठ मारली, पिशवी यजमानांच्या हाती दिली आणि सांगितलं, "कर्जतच्या रस्त्यानं एक फेरी मारून या. खड्डे चुकवू नका."

पाऊण तासानं ते आले. पिशवी हातात, चेहरा गंभीर. आम्ही गाठ तोडली, ताटं वाढली. चिरंजिवांनी पहिला घास घेतला आणि ओरडलेच, "आई! जमलं! अगदी गाडीवरचं!" सासूबाईंनीही पुन्हा मागून घेतलं. मी कौतुक झेलत होते, पण घासागणिक शंका येत होती. मी सिमला मिरची घातलीच नव्हती.

रात्री दार लावताना यजमानांकडून खरं निघालं. वळणावर मुंबईची एक गाडी थांबली होती, गड उतरून आलेली पोरं, उपाशी. त्यांनी विचारलं, "काका, इथे घरगुती जेवण कुठे मिळेल?" यजमान सरळ माणूस. म्हणाले, "घरगुती म्हणाल तर हे आहे, बायकोनं आत्ताच केलंय." पोरांनी गाडीच्या बॉनेटवर डबा उघडला, बोटं चाटली, 'घरच्या चवीची सर कशाला नाही' म्हणाली आणि नको नको म्हणताना पैसे खिशात कोंबून गेली. त्याच पैशांतून यजमानांनी नाक्यावरच्या गाडीवर नूडल्स घेतल्या. पाच रुपये उरलेही.

पुढच्या महिन्यात नणंद पुस्तक परत न्यायला आली. तिच्या जाऊबाईंना हवं होतं. देण्यापूर्वी मी नूडल्सच्या पानावर, कृतीच्या शेवटच्या ओळीखाली, पेन्सिलनं टीप लिहिली: 'वरील पदार्थ पूर्ण तयार झाल्यावर दुसऱ्या कुणाला तरी द्यावा. आपण दुसऱ्या कुणीतरी केलेला खावा. हमखास हॉटेलसारखा लागतो.'