कच्चं लायसन

मी शिरूरला बत्तीस वर्षं भूगोल शिकवला. त्या काळात 'नापास' हा शब्द मी पुष्कळांना ऐकवला. घरच्या माणसाच्या तोंडून तो ऐकायची वेळ मात्र गेल्या वर्षी आली. रात्री साडेनऊला मुलीचा जर्मनीहून फोन.

"बाबा, मी नापास झाले."

"कशात?"

"ड्रायव्हिंगमध्ये."

मला आधी हसूच आलं. या पोरीने घोडनदीच्या काठावर माझ्या मारुती ८०० वर हात बसवला आणि पुढे नऊ वर्षं नगर रोडने रांजणगावच्या एमआयडीसीत ये-जा केली. नगर रोडवर नऊ वर्षं म्हणजे काय, हे ज्याने तो रस्ता पाहिला आहे त्यालाच कळेल. डावीकडून कंटेनर पुढे जातो, उजवीकडून एसटी दाबते आणि समोरून एक मोटारसायकलवाला वळसा वाचवण्यासाठी शांतपणे आपल्याकडे येत असतो, मागे आई, मध्ये पोरगं. अशा रस्त्यावर जिच्या गाडीला ओरखडा आला नाही, ती स्टुटगार्टच्या गल्लीत नापास झाली! आणि कारण काय, तर ताशी तीसच्या रस्त्यावर उजवीकडच्या बोळातून एक सायकलवाली बाई येत होती आणि ही तिच्यासाठी थांबली नाही. परीक्षक मागच्या सीटवर बसतो तिकडे. त्याने मागूनच निकाल सांगितला.

माझं पक्कं लायसन मी १९९१ मध्ये एका कॅम्पात काढलं. कुठल्या, ते विचारू नका. लिंबाखाली टेबल होतं, टेबलामागे साहेब होते. "पुढे घ्या." घेतली. "आता मागे घ्या." घेतली. मोटारसायकलवाल्यांना निदान आठ तरी काढावा लागायचा. आम्हा चारचाकीवाल्यांना जेमतेम एक काढावा लागला. त्या भांडवलावर मी आजवर गाडी चालवतो आहे, त्यामुळे जर्मन परीक्षकाबद्दल माझं मत काय झालं असेल ते सांगायला नको.

तिकडचा नियम असा आहे की नव्याने राहायला आलेल्या माणसाचं भारतीय लायसन सहा महिने चालतं. त्यानंतर ते पाकिटात ठेवायचं एक कार्ड. काही देशांतल्या लोकांना लायसन नुसतं बदलून मिळतं. आपण त्या यादीत नाही. आपल्याला लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. त्याआधी डोळ्यांची तपासणी आणि प्रथमोपचाराचा वर्ग. वर्गात एका रबरी माणसाच्या छातीवर दाब देत बसावं लागतं. शिवाय लायसनचं जर्मन भाषांतर. आता लायसनवर वाक्य असं एकही नसतं. नाव, जन्मतारीख, पत्ता, रक्तगट. यात भाषांतर कशाचं करणार, असं मला वाटलं होतं. पण जर्मन लोक ओ गटाला शून्य म्हणतात. माझी ओ पॉझिटिव्ह मुलगी तिकडे 'नुल पॉझिटिव्ह' झाली. शून्यापासून सुरुवात करायची, हे रक्तगटानेच सांगून टाकलं म्हणायचं.

लेखी परीक्षेत तीस प्रश्न. चुकांचे दहापेक्षा जास्त गुण झाले की नापास. प्रश्नपत्रिका जर्मनशिवाय बारा भाषांत मिळते; त्यात तुर्की आहे, अरबी आहे, पोलिश आहे. मराठी नाही, हिंदीही नाही. तिने इंग्रजीत दिली आणि उत्तम पास झाली. घोडं अडलं ते बोळातल्या सायकलवाल्या बाईपाशी.

मी संतापून दौंडला मेहुण्याला फोन लावला. आप्पा निवृत्त लोको पायलट. आपण दोघं मिळून जर्मनीला चार शब्द सुनावू, अशी माझी अपेक्षा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दाजी, तिने रोड लर्निंग केलं होतं का?"

हा शब्द मला नवा होता. रेल्वेत ड्रायव्हर कितीही जुना असो, जो सेक्शन त्याला माहीत नाही त्यावर त्याला गाडी दिली जात नाही. आधी त्याने दुसऱ्याच्या इंजिनात उभं राहून तो मार्ग शिकायचा. निदान तीन फेऱ्या, त्यातली एक रात्रीची. सिग्नल कुठे उशिरा दिसतो, चढ कुठे लागतो, फाटक कुठल्या वळणामागे आहे, हे डोक्यात बसलं की रजिस्टरवर सही करायची, मला हा रस्ता समजला म्हणून. मगच गाडी हातात. आणि तीन महिन्यांहून जास्त काळ त्या सेक्शनवर फिरकला नाही, तर पुन्हा फेरी.

"सोलापूर लाइनवर माझी अठरा वर्षं झालेली," आप्पा सांगत होता, "मनमाड लाइनला घातलं तेव्हा माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान पोराच्या मागे उभा राहिलो मी. तो दाखवायचा, मी बघायचो. इंजिन तेच, ब्रेक तोच. पण उतार वेगळा ना दाजी. त्यात कसला आलाय अपमान?"

दौंडच्या माणसाला दिशा बदलण्याचं काही वाटत नाही, हेही खरं. नगरकडून पुण्याला जाणाऱ्या गाडीचं इंजिन तिथे वर्षानुवर्षं एका टोकाचं सोडून दुसऱ्या टोकाला लावलं जायचं. खिडकीशी बसून पुढे तोंड करून आलेला प्रवासी दौंडनंतर पाठ करून पुण्याला जायचा, आणि नवखा असला तर घाबरून विचारायचा की गाडी परत चालली का. कॉर्ड लाइन झाल्यावर बऱ्याच गाड्यांचा हा प्रकार थांबला. पण त्या गावात चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला जर्मनीतली उजवी बाजू सांगून काय धक्का बसणार?

त्याचा स्वतःचा मुलगा इंग्लंडात. तिकडे रस्ते आपल्यासारखेच डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे भाचा भलताच निर्धास्त होता. निघण्याआधी हजार रुपये भरून आंतरराष्ट्रीय परवानाही काढला होता. हा परवाना असला की जग मोकळं, असा आपल्याकडे समज आहे. खरं तर ती १९४९ च्या जिनिव्हा कराराने चालत आलेली, वर्षभराच्या मुदतीची एक पुस्तिका. आपल्या लायसनची परमुलखात ओळख करून देणारी चिठ्ठी. पाहुणा म्हणून गेलात तर उपयोगी. बिऱ्हाड केलंत की त्या देशाचा नियम लागू.

भाच्याची पहिली फजिती झाली ती डिपरने. अरुंद रस्ता, दोन्ही कडेला उभ्या गाड्या, समोरून एक मोटार आली आणि तिने डिपर मारला. आपल्याकडे डिपरचा अर्थ शेंबडं पोरही सांगेल: मी येतोय, तू थांब. भाचा थांबला. समोरचाही थांबलेला. त्याने पुन्हा डिपर मारला. माणूस चिडलेला दिसतोय, असं समजून भाच्याने गाडी मागे घ्यायला सुरुवात केली आणि पार कोपऱ्यापर्यंत नेली. तिकडे डिपरचा रूढ अर्थ 'या, तुम्ही आधी' असा आहे, हे त्याला कचेरीत दुसऱ्या दिवशी कळलं. त्यांच्या नियमांच्या पुस्तकात यातला एकही अर्थ नाही. तिथे डिपर म्हणजे फक्त 'मी इथे आहे'. म्हणजे बोली दोन आणि प्रमाणभाषा तिसरीच.

बारा महिने संपले. चौदा वर्षं गाडी चालवलेल्या भाच्याने गाडीला लाल 'एल' लावला. लेखीत पन्नासपैकी त्रेचाळीस लागतात. शिवाय पडद्यावर रस्त्याची दृश्यं दाखवतात आणि धोका दिसला की बटण दाबायचं. आपल्या माणसाला इथे वेगळीच अडचण येते: त्याला सगळीकडेच धोका दिसतो. तरी तो पास झाला, एका दमात. आप्पाने दौंडच्या रेल्वे कॉलनीत पेढे वाटले. मग भाच्याने विम्याचा आकडा विचारला आणि घरात सुतक पडल्यासारखी शांतता झाली.

आपल्याकडे विमा गाडीचा असतो. थर्ड पार्टीचा हप्ता सरकार ठरवतं आणि तो इंजिनाच्या सीसीवर ठरतो. १००० ते १५०० सीसीच्या खाजगी मोटारीला २०२२ पासून ३,४१६ रुपये, मग चालवणारा एकोणीस वर्षांचा उडाणटप्पू असो की अडुसष्ट वर्षांचा भूगोलाचा मास्तर. तिकडे विमा माणसाचा. वय किती, इथलं लायसन मिळून किती दिवस झाले, राहता कुठे, काम काय करता, गाडी रात्री कुठे उभी असते? हा शेवटचा प्रश्न भाच्याला आत्याने विचारल्यासारखा वाटला. त्याने खरं उत्तर दिलं, रस्त्यावर, आणि कंपनीच्या लेखी तो काल मिसरूड फुटलेल्या पोराच्या ओळीत जाऊन बसला.

इथे पाच वर्षं क्लेम न घेतल्यामुळे त्याला पन्नास टक्के नो क्लेम बोनस होता. आप्पाने इथल्या विमा कंपनीकडून तसं पत्र मिळवलं, लॅमिनेशन करून पाठवलं. तिकडच्या कंपनीने पत्राबद्दल आभार मानले आणि हप्ता तोच ठेवला. काही कंपन्या असं पत्र धरतात, काही धरत नाहीत; परदेशी निघालेल्याने गाडी विकताना ते मागून घ्यावं, आपल्याकडे ते तीन वर्षं चालतं. पण या प्रकाराने आप्पा पहिल्यांदा दुखावला. परीक्षेबद्दल तो चकार शब्द बोलला नव्हता. "बदली झाली की रोड नव्याने शिकायचा, कबूल," तो म्हणाला, "पण सर्व्हिस शीट माणसाच्या मागोमाग येते ना हो. ती कुणी कोरी करत नाही."

मला हे पटतं. मुलीचं नापास होणं मी आता माफ केलं आहे. त्या बोळातली बाई त्यांची, रस्ता त्यांचा, शिकून घ्या म्हणाले यात वावगं काही नाही. पण पाच वर्षं कुणाला धक्का न लावता गाडी चालवली, ही गोष्ट विमान बदलताना दुबईला कशी काय राहून जाते?

आपलीही विम्याची एक पद्धत आहे. गाडी नवी घेतली की आधी रांजणगावच्या महागणपतीला न्यायची, हार घालायचा, चाकाखाली लिंबू. शोरूममध्ये भरलेल्या हप्त्यापेक्षा या लिंबावर आमचा विश्वास अंमळ जास्त. थर्ड पार्टी म्हणजे नेमकं कोण, हेही फार थोड्यांना ठाऊक असतं. पहिली पार्टी आपण, दुसरी कंपनी, तिसरा तो ज्याला धक्का बसला. आमच्याकडे चौथी पार्टीही असते, जमलेले लोक. प्रकरण सहसा तीच मिटवते, आणि तिच्या अटी कुठल्याच पॉलिसीत छापलेल्या नसतात.

मुलगी दुसऱ्या खेपेला पास झाली. त्याआधी मी, मास्तरकीची खोड म्हणून, ते उजवीकडच्याला वाट देण्याचं खूळ जर्मनांनी कुठून काढलं ते शोधायला बसलो आणि हाती लागले आपलेच १९८९ चे रस्त्याचे नियम. चौकात शिरताना, तो हमरस्ता नसेल तर, उजवीकडून येणाऱ्या सगळ्या वाहनांना वाट द्यावी. स्वच्छ लिहिलेलं. मी लायसन काढलं तेव्हा हा नियम लागू होता. साहेबांनी विचारला नाही, मी सांगितला नाही.

नवं कार्ड देताना तिथल्या कार्यालयाने तिचं जुनं कार्ड काढून घेतलं; तसा त्यांचा नियमच आहे. एमएच-१२ चं ते कार्ड, केस ओले असताना काढलेल्या फोटोचं, आता स्टुटगार्टच्या कुठल्यातरी खणात असेल. त्यामुळे या डिसेंबरात ती घरी आली ती तिकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून. शिरूरच्या पोरीला शिरूरात गाडी चालवायला!

आम्ही न्हावरे, चौफुल्यावरून दौंडला निघालो, ती चालवत होती. पारगावला भीमा ओलांडली की समोरून येणाऱ्या पाट्यांत एमएच-१२ कमी होऊन एमएच-४२ वाढायला लागतं. उसाचा हंगाम. एका चौकात तिने गाडी थांबवली. उजवीकडून दोन ट्रेलरवाला ट्रॅक्टर आला, त्याला वाट दिली. मागून वडापची जीप, तिला दिली. मग अजून एक ट्रॅक्टर. मग शेळ्या. आमच्या मागे हॉर्नचा कल्लोळ. शेवटी मागचा पिकअपवाला उतरून खिडकीशी आला आणि काळजीने म्हणाला, "ताई, बंद पडली का? ढकलू का?"

दीड तासाच्या रस्त्याला सव्वादोन तास लागले. आप्पा फाटकात घड्याळ बघत उभा होता. "पंचेचाळीस मिनिटं लेट," तो म्हणाला आणि भाचीच्या डोक्यावर हात ठेवला.

जेवताना तिने माझं लायसन मागून घेतलं आणि तारीख पाहिली. फेब्रुवारीत संपतंय. आपल्याकडे पंचावन्नच्या पुढे ते पाच-पाच वर्षांनीच मिळतं. नूतनीकरणाला परीक्षा नसते, डॉक्टरांचा दाखला पुरतो. मात्र मुदत संपून वर्ष उलटलं तर परीक्षा पुन्हा द्यावी लागते. तुम्हीही आपलं एकदा काढून बघा.