पुराची गाडी आणि तिचे भारमान

पुराच्या गावातून माणसे बाहेर काढणारी बस मुख्यतः तक्त्यात आढळते. मान्सूनपूर्व आढावा बैठकीत ती दिसू लागते आणि चहा झाल्यावर दिसेनाशी होते. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रत्येक जिल्ह्याला आराखडा करायला लावला आणि दरवर्षी त्याचा आढावाही सांगितला. त्यामुळे आराखड्याचे मुखपृष्ठ दरवर्षी नवे असते. आतल्या तक्त्यात गावाचे नाव, लोकसंख्या आणि बसची संख्या असे रकाने असतात. चालकाचा रकाना नसतो. गाडी आपली आपण येते, असे गृहीत धरलेले असते.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या गंगापूर तालुक्याला अशा गाडीची गरज गोदावरीमुळे पडते. नेवरगाव, बगडी, जुने कायगाव ही गावे तिच्या काठाला आहेत. कायगावजवळ प्रवरा तिला मिळते आणि पुढे जायकवाडी धरणाच्या नाथसागराचा फुगवटा लागतो. म्हणजे वरून नाशिकचे पाणी, बाजूने प्रवरेचे आणि पुढून तुंबलेले. मात्र हा पूर न सांगता येत नाही. नाशिकला धरणांतून पाणी सोडले की नांदूर-मधमेश्वर बंधाऱ्याचा विसर्ग जाहीर होतो, मग कोपरगाव, मग वैजापूर, मग गंगापूर. नाशिकचे पाणी नाथसागरात पोहोचायला दिवसाहून अधिक वेळ लागतो. थांबे ठरलेले, निघाल्याची वेळ जाहीर, गाडी रद्द होण्याची भीती नाही. इतकी भरवशाची सेवा तालुक्यात दुसरी नाही. ऑगस्ट 2019 मध्ये नांदूर-मधमेश्वरमधून अडीच लाख क्युसेकच्या वर पाणी सुटले आणि वैजापूर-गंगापूरच्या नदीकाठच्या लोकांना घरे सोडावी लागली. पाणी तेव्हाही सांगितल्याप्रमाणेच आले.

आता गणित. एसटीच्या साध्या बसमध्ये साधारण 44 जण बसतात. दोन हजार वस्तीच्या गावाला 46 फेऱ्या लागतात. चार गाड्या मिळाल्या तर प्रत्येकीला अकरा-बारा. जाऊन-येऊन तास धरला तर बारा तास झाले. त्यात म्हातारीला चढवणे, राहिलेले पोर शोधणे, गाठोडे टपावर टाकणे आणि ‘म्हशीला सोडून मी येत नाही’ म्हणणाऱ्या गड्याची समजूत काढणे धरलेले नाही. जनावरांसाठी ट्रॉली आली नाही तर माणूस बसमध्ये चढत नाही, हे काठावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. तक्त्यात म्हशीलाही रकाना नाही.

पुराच्या रात्री खरोखर उपयोगी पडू शकणारी गाडी एकच, ती म्हणजे मुक्कामी गाडी. ती संध्याकाळी गावात येते, पारापाशी उभी राहते, चालक-वाहक गावातच झोपतात आणि पहाटे ती दूधवाले, कॉलेजची पोरे आणि तारखेला निघालेले पक्षकार घेऊन तालुक्याला जाते. रात्री दोन वाजता पाणी वेशीपाशी आले तर तिला बोलवावे लागत नाही, चालकाला उठवावे लागते. कोणत्या ओढ्यावरचा पूल आधी बुडतो, हे त्याला पाठ असते. एवढे सगळे एका गाडीत असताना गावोगावच्या मुक्कामी गाड्या बंद होत गेल्या, कारण भारमान, म्हणजे गाडी किती टक्के भरली त्याचा हिशेब. अमुक गावाच्या मुक्कामाला बारा जण येतात, डिझेलही निघत नाही, बंद. पुराच्या रात्री याच गाडीचे भारमान दोनशे टक्के होईल, दारात लोंबकळून माणसे जातील. पण ती वर्षातली एक रात्र उरलेल्या 364 रात्रींच्या सरासरीत बुडते. सरासरीत बुडालेल्याचा पंचनामा होत नाही. या न्यायाने अग्निशमन बंबाचे भारमान काढले तर पहिल्याच तिमाहीत तो भंगारात जाईल. सरकारी दवाखान्यातल्या विंचूदंशावरच्या औषधाचे उत्पन्न काढावे, स्मशानातल्या शेडचे वार्षिक प्रवासी मोजावेत, पोलीस पाटलाच्या शिट्टीचा प्रतिकिलोमीटर खर्च मांडावा. गंमत म्हणून हे कुठवरही नेता येते, पण ज्याच्या घरात रात्री पाणी शिरते त्याला यात गंमत वाटत नाही. बाईला कळा सुरू झाल्या तरी गावात चाक नाही, पोरीचे कॉलेज गाडी नाही म्हणून सुटले, म्हातारा तालुक्याला जायला वडापच्या फळीवर अर्धा लटकतो. आणि त्याच गावाच्या नावापुढे आराखड्यात ‘बस: 4’ असे टंकलेले असते. हा निष्काळजीपणाही नव्हे, ही सरळ थाप आहे, आणि तिच्यावर गोल शिक्का आहे.

आगारात गाड्या आहेत, वेळ आली की पाठवू, असे यावर उत्तर मिळते. पण 22 जुलै 2021 च्या पुरात चिपळूणचे बसस्थानकच पाण्यात गेले. ज्यांनी माणसे न्यायची त्या गाड्या स्वतःच अडकल्या. 2005 च्या चक्रीवादळात अमेरिकेतल्या न्यू ऑर्लीन्सला शाळांच्या बसगाड्या सखल आवारात रांगेत बुडाल्या आणि वाहन नसलेले लोक शहरातच राहिले. उलट ओडिशाने मे 2019 मध्ये फणी चक्रीवादळाआधी बारा लाखांच्या आसपास माणसे हलवली, कारण वादळ किनाऱ्याला लागण्याआधी त्यांच्या गाड्या सुटल्या होत्या. बसची वेळ टळली की बोटीची वेळ येते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला माणसांनी ठासून भरलेली बोट उलटली आणि बायका-पोरे बुडाली.

आपत्ती व्यवस्थापन कायद्यात सोय आहे. कलम 65 प्रमाणे आपत्तीत खाजगी वाहनेही ताब्यात घेता येतात आणि त्यांचा मोबदला द्यावा लागतो. वऱ्हाडाच्या बस, शाळेच्या गाड्या, उसाच्या ट्रॉल्या, सारे तालुक्यात आहे. मात्र कोणती गाडी कोणत्या गावाला, चालक कोण, त्याचा फोन कोणता, डिझेल कुणाचे आणि माणसे कोणत्या उंचवट्यावरच्या शाळेत उतरवायची, हे मे महिन्यात लिहावे लागते. पाणी पायरीला लागल्यावर लिहिता येत नाही. नदीकाठच्या ग्रामसभांनी पुढच्या बैठकीआधी आपल्या गावापुढच्या चार गाड्यांचे नंबर आणि चालकांची नावे लेखी मागावीत. नावे मिळाली नाहीत तर तो आकडा खोडून शून्य लिहून घ्यावा आणि बंद झालेली मुक्कामी गाडी परत मागावी. जी गाडी एरवी गावात येत नाही, ती पुरात येत नसते.