जोडी फोडत नाही

जुन्या गाडीचे सुटे भाग तुम्ही कधी विकत घेतले असतील आणि कधी विकलेही असतील, तर चहा घ्या आणि बसा. आपण एकाच रांगेतले आहोत. ज्यांनी यातलं काहीच केलेलं नाही त्यांनीही बसावं. अन्याय दुसऱ्यावर होत असला तरी नागरिक म्हणून त्याची माहिती असलेली बरी. प्रकरण थोडक्यात असं आहे. वस्तू एक, बाजार एक, दुकान एक आणि भाव दोन. मी ती घ्यायला गेलो की ती दुर्मीळ असते. मी ती विकायला गेलो की ती भंगार असते. पैसे कुणाच्या खिशातून निघून कुणाच्या खिशात जाणार, एवढाच काय तो फरक.

माझी गाडी फियाट अकराशे डिलाइट. कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात ही १९६४ पासून तयार व्हायला लागली, पुढे तीच प्रेसिडेंट झाली आणि १९७४ मध्ये पद्मिनी. १०८९ सीसीचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. मुंबईची काळी-पिवळी म्हणजे हीच असायची. टॅक्सीचा विषय मी उगाच काढत नाही. रस्त्यावर हजारो टॅक्सी धावत होत्या तोवर या गाडीच्या नटबोल्टाचा भाव टॅक्सीवाल्याला तोंडपाठ होता. क्लच प्लेट काय, ब्रेकचं सिलिंडर काय, त्याला सतत लागायचं. त्याला फसवून दुकानदाराला पुढच्या आठवड्यात त्यालाच तोंड दाखवायचं होतं. त्यामुळे भाव आपोआप ताळ्यावर राहायचा. मग टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आली, एकेक गाडी तोडायला निघाली आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. त्यावर सगळीकडे हळवं लिहून आलं. भावावर अंकुश ठेवणारी एकमेव यंत्रणा त्या दिवशी बरखास्त झाली, हे मात्र कुणाच्याच लक्षात आलं नाही. टॅक्सीवाले गेले आणि बाजारात उरलो आपण, ज्यांना गाडीबद्दल माया आहे. माया चेहऱ्यावर दिसते आणि दुकानदाराला चेहरा वाचता येतो.

त्याआधी जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली होती. पन्नास वर्षांवरची, मूळ स्वरूपात जपलेली, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार न केलेली खासगी गाडी ‘व्हिंटेज’ ठरली. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात ‘व्हीए’ अशी अक्षरं. जुन्या गाड्यांच्या जाणकारांत १९३० नंतरच्या गाडीला व्हिंटेज म्हटलं तर आजही नाकं मुरडली जातात, पण शासनाचा शब्द शेवटचा. नियम चांगला आहे, मी त्याचं स्वागतच करतो. माझी हरकत एवढीच की मूळ स्वरूपाची अट घातली आणि मूळ स्वरूपाचा दर खुला सोडला. आता साधा रबरी वॉशर मागितला तरी काउंटरमागून उत्तर येतं, ‘‘काका, व्हिंटेजचा आहे, नियम झालाय.’’ वॉशरबद्दल त्या नियमात एक अक्षर नाही. मी तो वाचलेला आहे.

आता ज्या वस्तूचे दोन भाव, त्या खिटीकडे येतो. या गाडीच्या पुढच्या दारांना मोठ्या काचेच्या पुढे एक तिकोनी काच असते, क्वार्टर ग्लास. ती फिरवली की वारा थेट अंगावर येतो. एसी नव्हता तेव्हा अख्ख्या कुटुंबाचे उन्हाळे त्या काचेवर निघाले. ही काच बंद ठेवते ती खिटी. करंगळीएवढी, ओतीव जस्ताची, वरून निकेल, टोकाला एक चपटी जीभ, जी चौकटीत अडकते. जस्ताचं ओतकाम जुनं झालं की ठिसूळ होतं. आधी निकेलखाली बारीक फोड येतात, मग केव्हातरी मूठ आपल्या हातात येते आणि जीभ चौकटीत राहते. तुटते ती बहुतेक उजवी, कारण चालवणारा उजवीकडे बसतो आणि सिग्नलला थांबला की त्याचा हात तिथंच जातो. डावी वर्षानुवर्षं शाबूत राहते. डावी उजव्या दाराला बसत नाही, उजवी डाव्याला बसत नाही. एवढा तपशील देतोय, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

पुण्यात जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथं मी उजवी खिटी मागितली.

‘‘जोडी आहे.’’

म्हटलं, मला एकच हवी.

‘‘जोडी फोडत नाही, काका. मग डावी मी कुणाच्या गळ्यात मारू?’’

मुद्दा रास्त होता, म्हणून डावी मी माझ्या गळ्यात मारून घेतली. उजवी दाराला गेली, डावी डब्यात. कालांतरानं उजवी पुन्हा तुटली, पुन्हा जोडी आली, पुन्हा एक डावी डब्यात पडली. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर हेच, चोर बाजारात मटण स्ट्रीटला हेच. तिथं फक्त ‘‘सेठ, जोडी नहीं टूटेगी’’ असं हिंदीतून. ठराव कुठे झाला, कुणी मांडला, कुणी अनुमोदन दिलं, याची नोंद कुठे नाही, पण अंमलबजावणी सर्वत्र एकसारखी आहे.

डबा भरला तेव्हा तो घेऊन मी त्याच जुन्या बाजारात, त्याच माणसाकडे विकायला गेलो. त्यानं झाकण काढलं, बोटानं खिट्या चाळल्या आणि विचारलं, ‘‘उजवी नाही का यात? डावीला गिऱ्हाईक नाही.’’

म्हटलं, अहो, तुम्ही तर जोडी फोडत नाही.

‘‘ते विकताना,’’ तो म्हणाला आणि डबा माझ्याकडे सरकवला. मग म्हणाला, ‘‘ठेवायच्या तर ठेवा, जस्ताच्या भावात वजन करून देतो.’’

इथं क्षणभर थांबू या. घेताना नगावर, तोही जोडीनं. देताना किलोवर. वजनमापांबद्दल देशात स्वतंत्र कायदा आहे, पण एका वस्तूनं दिवसभरात मोजमापाची किती एककं बदलावीत यावर कुणाचंच नियंत्रण नाही.

भाव ठरतो कसा, तेही पाहा. पहिला नियम, आकडा आधी विकणाऱ्यानं सांगायचा नाही. ‘‘तुम्हीच बोला.’’ आपण बोललो की तो आपला आकडा ऐकलाच नाही अशा थाटात वस्तू हातात घेतो, अंगठ्यानं निकेलवरचं काळं पुसतो आणि पुसल्यावर चमकलेला तेवढाच भाग आपल्यासमोर धरतो. मग कॅल्क्युलेटर. त्यात काय टाकतो कळत नाही, कारण बेरजेला दुसरी रक्कमच नसते. पण बराच वेळ बटणं दाबून तो पडदा आपल्याकडे फिरवतो. सकाळी गेलो तर ‘भवानी आहे म्हणून एवढ्यात देतो’, दुपारी गेलो तर ‘ओळखीचे म्हणून’, संध्याकाळी ‘आता आवरायचंय म्हणून’. सवलतीचं कारण दर तासाला नवं, आकडा मात्र तोच. साहेब म्हणाला तर भाव चढा समजावा. काका म्हणाला तरी चढाच समजावा, फक्त त्याला जरा वाईट वाटतंय.

बैलबाजारात निदान रुमालाखाली हात घालून बोटांवर सौदा होतो. दोघांतली गोष्ट दोघांत राहते. इथं मी ‘चारशे’ म्हटलं की तो मोठ्यानं ‘‘चारशे?’’ असं विचारतो. त्यात आश्चर्य नसतं, ते प्रसारण असतं. मी शेजारच्या गाळ्यावर पोचेपर्यंत तिथल्या माणसाला माझी ऐपत, माझी गरज आणि माझी घाई तिन्ही कळलेली असतात.

सोबत मिस्त्रीला न्यावं म्हटलं तर तीही सोय राहिलेली नाही. वस्तू ओरिजनल आहे की दिल्लीची डुप्लिकेट, हे मिस्त्रीला बघताक्षणी कळतं, म्हणून त्याला न्यावंच लागतं. घरून निघताना मी त्याला बजावतो की वस्तू आवडली तरी तोंड बंद ठेव, फक्त मान हलव. तो हो म्हणतो. मग दुकानात वस्तू हातात येते आणि मी पहिला आकडा उच्चारणार, इतक्यात तो भर दुकानात ओरडतो, ‘‘काका, सोडू नका! ही परत मिळायची नाही!’’ यानंतर जगातल्या कुठल्याही माणसाला घासाघीस करता येणार नाही. मिस्त्रीला दुकानदाराकडून काही सुटतं का, असा संशय अनेकांनी माझ्याकडे व्यक्त केला. माझा तसा संशय नाही. त्याचं गाडीवर खरंच प्रेम आहे, आणि प्रेमळ माणसाला सौद्याला नेऊ नये, एवढंच म्हणणं आहे.

‘इटलीचा माल’ हा आणखी एक प्रकार. मूळ फियाट इटलीची, तेव्हा इटलीहून आलेली वस्तू म्हणजे तिप्पट भाव, हे गृहीत. मला एकानं पिस्टनचा सेट दाखवला. तेलकट कागदात गुंडाळलेला, खोक्यावर परदेशी अक्षरं. मी खिशातून कॅलिपर काढला. इटलीत जी अकराशे डी होती तिचं इंजिन १२२१ सीसीचं, पिस्टनचा व्यास ७२ मिलिमीटर. आपल्याकडे १०८९ सीसीच राहिलं, व्यास ६८. स्ट्रोक दोन्हींचा ७५, त्यामुळे लोक फसतात. मी शांतपणे सांगितलं की हा पिस्टन माझ्या सिलिंडरमध्ये शिरणारच नाही. तो म्हणाला, ‘‘म्हणूनच तर कमी लावतोय.’’ न बसणाऱ्या वस्तूवर सूट देण्याची ही पद्धत मी अन्य कुठल्या व्यापारात पाहिलेली नाही. चपला दोन नंबर मोठ्या आल्या तर कुणी त्या सवलतीत घेऊन जात नाही.

आणि हल्ली या बाजारात एक तिसराच पक्ष उतरला आहे. हॉटेलांची सजावट करणारे. त्यांना बंपर भिंतीवर लावायचा असतो, बॉनेटचं टेबल करायचं असतं, व्हीलकॅपची घड्याळं करायची असतात. ते घासाघीस करत नाहीत. आकडा ऐकतात, मान डोलावतात, बिल मागतात आणि जातात. ज्या बंपरसाठी मी दोन बुधवार बोलणी चालवली होती तो आता कुठल्यातरी भिंतीवर आहे आणि त्याखाली लोक कॉफी पीत आहेत. त्यांच्यापैकी एकालाही बंपर गार्डच्या मागचे बोल्ट दिसत नसतील. मी ते बोल्ट आधीच विकत घेऊन ठेवले होते. ते अजून माझ्याकडे आहेत.

विकणारा म्हणून जे भोगलं ते मी फार लांबवत नाही, तुम्हालाही अनुभव असेल. फोन येतो, ‘‘लास्ट काय?’’ वस्तू कुठली, कुठल्या सालची, चालू आहे का, काही नाही; आधी लास्ट. लास्ट सांगितलं की त्यापासून घासाघीस सुरू. पैसे देताना ‘‘निकेल गेलंय हो’’ म्हणतात आणि वस्तू मात्र धुतलेल्या रुमालात गुंडाळून नेतात.

आता मूळ तक्रार. मध्यंतरी माझ्या हाती एक जास्तीची उजवी खिटी आली होती, चांगली, न वापरलेली. दारावर एक शाबूत होती, म्हणून मी ती जुन्या बाजारातल्या त्याच माणसाला दिली. त्यानं ऐंशी रुपये हातावर टेकवले. उजवीला गिऱ्हाईक आहे ना, असं विचारलं तर म्हणाला, ‘‘आहे, पण जोडी लागते. सुटी उजवी कोण घेतो?’’ पावसाळ्यात माझ्या दारावरची खिटी तुटली. गेलो. त्यानं काचेच्या पेटीतून प्लास्टिकच्या पिशवीत बंद केलेली जोडी काढली. बाराशे. पिशवी उलटी केली, तर उजवीच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाचा ठिपका. माझ्याकडच्या प्रत्येक उजव्या वस्तूला मी असा ठिपका लावतो, म्हणजे अंधारात चुकत नाही.

म्हटलं, ही माझी आहे. मीच तुम्हाला विकली.

त्यानं ठिपका पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी मनापासून म्हणाला, ‘‘मग काका, तुम्हाला तर मी सांगायलाच नको, किती ओरिजनल आहे ते.’’

म्हणजे माझी मालकी हा माझा हक्क न ठरता त्याच्या मालाचा दाखला ठरला. फक्त उजवी द्या, डाव्या माझ्याकडे डबाभर आहेत, असं मी म्हणालो. उत्तर तुम्हाला माहीत आहे. डाव्या बदल्यात घ्या म्हणालो, तर काटा पुढे केला. सध्या मी सातशेवर आहे आणि तो बाराशेवर. दाराच्या चौकटीत तुटलेली जीभ तशीच आहे आणि काच सुतळीनं बांधली आहे. बोलणी फिसकटलेली नाहीत, प्रलंबित आहेत.

दरम्यान, अकराशे डिलाइट, प्रेसिडेंट किंवा पद्मिनीसाठी कुणाला क्वार्टर ग्लासच्या डाव्या खिट्या हव्या असतील तर माझ्याकडे आहेत. निकेल शाबूत, फोड नाहीत. भाव आधीच ठरवलेला आहे, त्यात कमी होणार नाही. आणि किमान दोन घ्याव्या लागतील. सुटी एक मी देत नाही.